माळेगावच्या यात्रेतलं पिल्लू

मार्गशीर्ष सरत आला की लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं आणि उंटांचा बाजार ही तिची जुनी ओळख. जिल्हा परिषदेच्या कार्यक्रमात अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही असतं, आणि त्याच्या आजूबाजूला ताडपत्रीवर पिल्लं विकायला ठेवलेली असतात. लांबट तोंडाची, कमरेत बारीक अशी कारवानी पिल्लं तिथून पिशवीत, टोपलीत, कधी स्वेटरच्या आत बसून गावोगाव जातात. यंदा त्यातलं एक धर्माबादला आमच्या शेजारी आलं. आणणारे मामा मोंढ्यात मिरचीच्या आडतीवर मुनीम आहेत, आणि गोदावरीच्या अंगाला त्यांची थोडी शेती आहे. भाची उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला. संक्रांतीच्या सुट्टीत ती आली आणि पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर वाद पेटला. मी चहाला गेलो होतो, जेवूनच परतलो. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, असं म्हणून अंग काढून घेण्याचा माझा विचार नाही. जिथं ज्याचं चुकलं तिथं तसं सांगणार आहे.

भाची : मामा, आणलं तेव्हा किती दिवसांचं होतं हे?

मामा : महिन्याचं. विकणारा म्हणला, डोळे उघडून पंधरा दिवस झाले. लहान आणलं की लळा लवकर लागतो. मोठं आणलं तर पहिल्या मालकाचीच वाट बघत बसतं.

भाची : आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायलाच बंदी आहे. केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत.

मामा : यात्रेत नियम वाचायला कोण बसायलाय?

भाची : नियम राहू द्या बाजूला. भावंडांत खेळताना पिल्लू दात किती लावायचा ते शिकतं. जोरात चावलं की दुसरं कळवळतं आणि खेळ मोडून निघून जातं. हे शिक्षण तुम्ही अर्ध्यात तोडलंत. म्हणून तर पोरांच्या हातावर एवढे ओरखडे.

मामा : मग आता काय, परत नेऊन देऊ?

भाची : नाही. आता ते शिकवायचं काम घरातल्यांचं. चावलं की हात काढून घ्यायचा, उठून जायचं, मिनिटभर त्याच्याकडं बघायचंही नाही. आणि चघळायला काहीतरी द्यायचं. जुन्या फडक्याला गाठ मारून दिली तरी चालतं. त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडायला लागतील, बेचाळीस पक्के येतील. तोवर ते चावणारच. थोबाडीत मारली तर चावायचं थांबणार नाही, हाताला भ्यायला मात्र शिकेल.

मामांनी यावर तंबाखू मळायला घेतली. पिल्लू तेवढ्यात स्टीलच्या वाटीतलं म्हशीचं दूध पिऊन ओसरीच्या कोपऱ्यात पातळ करून आलं होतं.

भाची : हे बघा. दूध बंद करा. आईचं दूध सुटल्यावर पिल्लांना दुसरं दूध नीट पचत नाही.

मामा : दूध नाही, मग काय पाकिटातलं खाणं? त्या पाकिटाचा भाव ऐकलास? आमच्या आखाड्यावरची कुत्री ज्वारीच्या कण्यांवर बारा-बारा वर्षं जगली.

इथं मला तोंड घालावं लागतं. आखाड्यावरच्या बारा वर्षं जगलेल्या कुत्र्याची गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याकडं असते. त्याच वेताची जी चार पिल्लं दोन महिन्यांत मेली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यामुळं कण्यांची कीर्ती वाढत गेली. पण पाकिटाशिवाय पिल्लू वाढत नाही, हेही खरं नाही, आणि भाचीनं ते लगेच कबूल केलं.

भाची : पाकीट नको तर नको. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून द्या, पण फोडणी घालायच्या आधी वरण बाजूला काढा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. त्यात उकडलेलं अंडं, थोडं दही. नुसत्या भाकरीवर हाडं धरत नाहीत, नुसत्या मटणावरही धरत नाहीत, कारण मटणात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. तीन-चार महिन्यांचं होईस्तोवर दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मग तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या चिरफळ्या होऊन आतड्यात अडकतात. चहा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, काहीच नको.

मामा : मनुकाही नाही? प्रसादाच्या?

भाची : एकही नाही.

मामा : पण बघ की, पोट कसं नगाऱ्यासारखं भरलंय त्याचं!

भाची : ते भरलेलं नाही मामा, जंतांचं आहे. पाय बघा, बरगड्या बघा. पिल्लाला जंत बाहेरून यावे लागत नाहीत. आईच्या पोटात असतानाच येतात, नंतर दुधातून येतात. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यायला पाहिजे होतं. आता तरी तीन महिने भरेपर्यंत तसं द्या, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. पोरं याच मातीत खेळतात, ही अंडी त्यांच्याही पोटात जातात.

जंतांचं मामांनी ऐकून घेतलं. बैलांना ते स्वतःच औषध पाजतात. लसीचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघांचा आवाज चढला.

मामा : आमच्या बापानं एकाही कुत्र्याला सुई टोचली नाही.

भाची : तुमच्या बापाच्या काळात पार्व्हो नव्हता. 1978 च्या आसपास तो जगभर पसरला. रक्ताची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आणि तुम्ही चार गावची पिल्लं एका ताडपत्रीवर लोळत होती तिथून आणलंय. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत.

मामा : एकदाच टोचायला काय होतं? चार-चार वेळा पैसे काढायचा धंदा.

भाची : आईकडून आलेली ताकद अंगात असेपर्यंत ती लसीलाच मारून टाकते. ती कोणत्या आठवड्यात उतरेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. आणि बारा आठवड्यांचं झालं की रेबीजची. ती चुकवायची नाही.

मामा : एवढुशा पिल्लाला कुठली रेबीज?

भाची : पिल्लालाही होते. आणि पोरं त्याला तोंडाजवळ घेऊन खेळवतात. माणसाला होणारी रेबीज शंभरातल्या नव्याण्णव वेळा कुत्र्याकडूनच येते. जगात रेबीजनं मरणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं आपल्या देशात मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, हे तर तुम्हालाही माहीत आहे.

मामा : म्हणून तर चावल्यावर जखमेवर तिखट भरतात. जहर जळून जातं.

धर्माबादला मिरचीची कमी नाही. इथल्या गिरण्यांतलं तिखट दूरदूर जातं, आणि कुत्रं चावलेल्या पोटरीवर ते थापलेलं मी स्वतः पाहिलं आहे. कोणी चुना लावतं, कोणी हळद. भाचीच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला, आणि तो योग्य होता.

भाची : तिखटानं विषाणू मरत नाही. जखम चिघळते, पोर बोंबलतं, आणि उपाय केला असं समजून घरचे दवाखान्यात जात नाहीत. खरा उपाय फुकट आहे. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात, आणि डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखांना सुई. दोन घेतल्या, बरं वाटलं, सोडून दिलं, असं चालत नाही.

मामा गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्यावरून वाटलं, त्यांना कोणाची तरी आठवण झाली असावी. मी विचारलं नाही.

इथपर्यंत भाचीची सरशी होती. पण पुढं ती जे बोलली त्यात मामांनी तिला बरोबर पकडलं.

भाची : तर सगळ्या लसी होईपर्यंत याला दाराबाहेर काढायचं नाही.

मामा : म्हणजे कधीपर्यंत?

भाची : चार महिन्यांचं होईपर्यंत.

मामा : आणि तोवर घरात कोंडायचं? पोरी, मग ते भितरं निघंल. मागं एक असंच आखाड्यावर एकटं वाढवलं. सालगड्याशिवाय माणूस दिसला नाही त्याला. मोठं झाल्यावर छत्री उघडली की थरथरायचं, फेटेवाला दिसला की अंगावर जायचं. शेवटी शेजारच्या गड्याला चावलं. पिल्लाला लहानपणी सगळं दिसलं पाहिजे. मोंढ्यातले हमाल, ट्रॅक्टर, रेल्वेचा भोंगा, बायकांच्या बांगड्या, पोरांचा गलका, म्हाताऱ्याची काठी. हे सगळं दिसलेलं कुत्रं उगाच चावत नाही.

मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण पुस्तकातही हेच आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत काही पिल्लं कुंपणाच्या आत माणसांपासून दूर वाढवली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न दिसलेली पिल्लं नंतर माणसाळलीच नाहीत. हे निष्कर्ष 1961 मध्ये छापून आले. त्याच प्रयोगशाळेतल्या स्कॉट आणि फुलर यांनी 1965 च्या ग्रंथात पिल्लाच्या आयुष्यातला हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा सांगितला. म्हणजे लसी पूर्ण होतात तेव्हा ही खिडकी बंद झालेली असते. चार महिने दार बंद ठेवलं तर पार्व्होपासून पिल्लू वाचतं आणि जन्मभराचा भित्रेपणा घेऊन बाहेर पडतं. त्याच भित्रेपणातून चावणारी कुत्री तयार होतात. चावऱ्या कुत्र्याला लोक रेल्वे लाइनच्या पलीकडं सोडून येतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडचे बरेच डॉक्टर आजही ‘चार महिने बाहेर नको’ एवढंच सांगून मोकळे होतात. हा सल्ला अर्धा आहे.

भाची : (जरा थांबून) मामा, हे खरं आहे. आम्हालाही वर्तनाच्या तासाला शिकवलंय. पण जमिनीवर सोडू नका. पहिली लस झाली की कडेवर घेऊन फिरवा. दुसऱ्या कुत्र्यांनी जिथं हागलं-मुतलं असेल तिथं पाय टेकू द्यायचे नाहीत. ज्यांच्या कुत्र्याला लसी दिल्यात त्यांच्या अंगणात खेळू द्या.

मामा : रोज सकाळी आडतीवर नेतो उपरण्यात गुंडाळून.

भाची : आडतीवर न्या, पण मिरचीच्या कोठारात नको. तिथं माणसालाही ठसका लागतो. त्याचं नाक तर माणसापेक्षा हजारो पटीनं तिखट आहे.

मामा हसले. आता ते जिंकल्यासारखे बोलू लागले, आणि तिथंच घसरले.

मामा : महिनाभर फिरवतो. मग साखळी. दिवसा अंधाऱ्या खोलीत, कोणी हात लावायचा नाही. रात्री सोडायचं. थोडं तिखट चारायचं भाकरीत. असं केलेलं कुत्रं रात्री कडक राहतं. रानडुकरं बांध ओलांडत नाहीत.

भाची : तिखटानं आतडी सोलवटतात, राखण वाढत नाही. पोट दुखणारं कुत्रं गुरगुरतं, त्याला तुम्ही कडक म्हणता. आणि अंधारात बांधलेलं कुत्रं चोर कोण आणि सालगडी कोण हे ओळखायला शिकणार कुठून? त्याला घरचे कोण ते माहीत असेल, तरच परका कोण ते कळेल. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये आखूड साखळीला बांधून ठेवणं गुन्हा आहे. बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हाही त्याच कलमात आहे.

मामा : धाक नको का मग? पोलिसांची कुत्री काय लाडानं शिकतात?

भाची : लाडानं नाही, खेळानं. मुंबईचा झंजीर आठवतो? 1993 च्या स्फोटांच्या वेळचा लॅब्रॅडोर. त्यानं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. वास घेणारी कुत्री अशी शिकवतात की अमुक वास सापडला की चेंडू मिळतो, किंवा आवडीचा खाऊ. काठीच्या भीतीनं कुत्रं वास सोडून हँडलरच्या हाताकडं बघत राहील.

मामा : हा काय पोलिसात जायचा नाही. ओसरीवर करू नये एवढंच पाहिजे. काल वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणलं, नाक घासलं त्यात, तरी आज पुन्हा तिथंच.

भाची : तुम्ही आला तेव्हा ते करून किती वेळ झाला होता?

मामा : झाला असंल अर्धा तास.

भाची : मग त्याला एवढंच कळलं की मामा आले की मार बसतो. कुत्र्याच्या डोक्यात काम आणि फळ लागोपाठ पाहिजे, एक-दोन सेकंदांत. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर उचलून परसातल्या ठरलेल्या जागी न्यायचं आणि थांबायचं. केलं की तिथंच शाबासकी आणि अंड्याचा कण. या वयात दोन तासांवर त्याला धरवतही नाही. रात्री एकदा उठावंच लागेल. ओसरीवरची जागा नीट धुऊन काढा, वास राहिला की ते तिथंच येतं.

मारण्याबद्दल माझं मत भाचीच्या बाजूचं आहे, आणि त्यात पाणी घालणार नाही. पण मामांची एक अडचण खरी आहे, आणि शहरातल्या श्वानप्रेमींना ती समजत नाही. कारवानी हे लॅब्रॅडोरसारखं धन्याच्या तोंडाकडं बघत बसणारं कुत्रं नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची पिल्लं पंचम जॉर्जला भेट दिली असं सांगतात. तिकडं तिला मुधोळ म्हणतात, आपल्याकडं कारवानी. 2005 मध्ये टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. 2016 च्या सुमारास मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्लं शिकायला गेली. हे सगळं मामांना पाठ आहे. पण ही जात डोळ्यांनी शिकार करणारी. दूर काही हललं की कान बंद होतात आणि पाय सुटतात.

मामा : ससा दिसला की बघावं त्याला!

भाची : ससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि ससा नाही दिसला तर रेल्वे रुळांपलीकडचं मांजर दिसेल. मनमाड-सिकंदराबाद लाइन आहे दाराशी. म्हणून या कुत्र्याला पहिला धडा ‘बस’चा नाही, हाकेचा. नाव घेतलं आणि आलं की प्रत्येक वेळी खाऊ. घरात जमलं की परसात, मग शेतात वीस हात लांब दोरीवर. सहा महिने दोरी सोडायची नाही. आणि एक करा, घरात एकच शब्द ठरवा. तुम्ही ‘ये’ म्हणता, मामी ‘रा’ म्हणते, पोरं ‘कम’ म्हणतात. त्यानं कोणाचं ऐकायचं?

मामा : मामी तेलंगणाकडची. ती ‘रा’च म्हणणार.

भाची : मग तुम्हीही ‘रा’ म्हणा.

उन्हाळ्याचा विषय चटकन उरकला. इथं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. पत्र्याच्या शेडखाली बांधायचं नाही, दुपारी डांबरी रस्त्यावर न्यायचं नाही, पाणी सावलीत ठेवायचं, गोचीड रोज बघायची. कारवानी या उन्हातलंच जनावर आहे, यावर दोघांचं एकमत झालं. हैदराबादहून हस्की आणून कूलरसमोर बांधणाऱ्यांबद्दल दोघं जे बोलले ते छापण्याजोगं नाही.

इतका वेळ मामी आत होत्या. दोन वेळा येऊन ओसरी पुसून गेल्या होत्या, एकदा पिल्लाला परसात नेऊन आणलं होतं. ताटं वाढायच्या वेळी बाहेर आल्या.

मामी : झालं का तुमचं? चार वेळा खाणं, रात्री उठून बाहेर नेणं, दर पंधरा दिवसाला औषध, महिन्याला सुई. हे कोण करणार? मामा सकाळी आडतीवर. तू परवा उदगीरला. आणायच्या आधी मला कोणी विचारलं का?

त्यांनी ‘रा’ म्हटलं. पिल्लू मामांच्या मांडीवरून उतरून त्यांच्या मागं चुलीपर्यंत गेलं. इतक्या दिवसांत ते एकच शब्द शिकलं होतं, आणि तो त्याला खाऊ घालणाऱ्या बाईचा होता.

मामा-भाचीच्या दोन तासांच्या वादात हा मुद्दा आलाच नव्हता, आणि मामी बोलेपर्यंत माझ्याही डोक्यात नव्हता. पिल्लू सांभाळायचं म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा कोणीतरी उठायचं. आपल्याकडं तो उठणारा माणूस बहुतेक घरांत बाई असते, आणि पिल्लू निवडणारा दुसराच. मामींनी पुढं आपली अट सांगितली. सुईला नेणं आणि रात्रीचं उठणं मामांचं, खाणं आपलं, आणि दोरी पोरांनी धरायची. मामांनी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लाला नेऊन पहिली लस आणि जंताचं औषध देऊन आणलं.

तुम्हीही पिल्लू आणणार असाल तर जात, रंग, भाव हे सगळं नंतर बघा. घरात रात्री उठून त्याला बाहेर कोण नेणार, हे आधी ठरवा. आणि ते काम ज्याच्या वाट्याला येणार असेल, त्यानं ‘हो’ म्हटल्याशिवाय पिल्लू आणू नका.